वसईच्या खाडीकाठी नवा रस्ता नको, आहे तो बांध नीट करा

प्रति,
कांदळवन कक्ष, महाराष्ट्र वनविभाग
वसई-विरार शहर महानगरपालिका
महाराष्ट्र सागरी मंडळ
भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, मुंबई मंडळ
आणि वसई-नायगाव पट्ट्यातली मिठागरं ज्यांच्या अखत्यारीत येतात ती सर्व खाती

विषय : वसई किल्ल्याभोवतालची खाजणं, मिठागरं आणि खाडी यांतून जाणाऱ्या पायवाटा

महोदय,

थंडी सुरू झाली की रविवारी सकाळी वसई रोड आणि नायगाव स्टेशनांवर पाठीला सॅक आणि गळ्यात दुर्बीण अडकवलेली माणसं उतरताना दिसतात. दादर, बोरिवली, ठाण्याहून आलेली ही मंडळी आधी किल्ला बघतात आणि मग खाजणांच्या (भरतीचं पाणी पोचतं अशा खाडीकाठच्या खाऱ्या जमिनींच्या), मिठागरांच्या बांधांवर चालायला निघतात. वाट कुठून धरायची, भरती किती वाजता, कुठला बांध चालण्याजोगा आणि कुठला खचलेला, यातलं काहीच कुठे लिहिलेलं नसतं. आजवर निभावलं ते किल्लाबंदर, पाचूबंदर आणि नायगावच्या कोळी-आगरी मंडळींनी "तिकडे जाऊ नका, पाणी येतंय" म्हणून वेळेवर हटकलं म्हणून.

या वाटांची सोय व्हावी असं आम्हांला वाटतं. भीती आहे ती सोय कशा पद्धतीने होईल याची. खाडीकाठी चालायची वाट करायची म्हटलं की कागदावर ठरलेल्या चार गोष्टी उतरतात: पेव्हर ब्लॉक, चकचकीत स्टीलचं रेलिंग, शोभेचे दिवे आणि बदामाच्या आकाराचा सेल्फी पॉइंट. दलदलीत यातली एकही गोष्ट दोन पावसाळे धड टिकत नाही, आणि टिकली तर दलदल टिकत नाही. वसईला वाटा आहेतच, त्या म्हणजे बांध. त्यांची डागडुजी करा, भरतीची वेळ पाटीवर लिहा, आत किती माणसं सोडायची ते ठरवा. एवढंच मागणं आहे. पण यातल्या प्रत्येक गोष्टीत बारकावे आहेत, म्हणून पत्र लांबलं आहे.

आधी जागेबद्दल. १५३४च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि त्यांनी इथे तटबंदीच्या आत अख्खं शहर वसवलं. ही जागा त्यांना भावली याचं एक मोठं कारण म्हणजे बहुतेक बाजूंनी असलेलं पाणी आणि चिखल. चिखलात तोफ ओढता येत नाही आणि खंदक खणता येत नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावले ते उत्तरेच्या बाजूला, कारण वाळूची, खणता येईल अशी जमीन तिकडेच होती. म्हणजे दलदल हा किल्ल्याच्या संरक्षणाचाच भाग होता. तिच्यात भराव टाकून वाहनतळ केला तर किल्ल्याचीच एक बाजू पाडल्यासारखं होईल. पुरातत्त्व खात्याला हे सांगायला नको. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित, हा २०१०च्या दुरुस्तीपासूनचा कायदा सर्वांना माहीत आहे. तेव्हा किल्ल्याला लागून काही नवं उभारायचा प्रश्नच येत नाही.

कांदळवनाचा कायदाही तितकाच स्पष्ट आहे. कांदळवन (खारफुटीचं जंगल) सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, सर्वांत कडक वर्गात येतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालाने कांदळवनाची तोड, त्यात भराव आणि त्याच्या भोवतालच्या ५० मीटरच्या पट्ट्यातली बांधकामं यांवर बंदी कायम केली. २०१९च्या सीआरझेड अधिसूचनेत कांदळवनातून चालण्याचे मार्ग आणि निसर्गवाटा यांना वाव आहे, पण किनारा व्यवस्थापन आराखड्यात आधी तशी योजना मंजूर असेल तरच. आधी काम, मग परवानगी असा उलटा क्रम इथे चालणार नाही.

आता मूळ मुद्दा, भरतीचा. खाडीकाठच्या वाटेचं वेळापत्रक चंद्र ठरवतो, आणि ते दररोज साधारण पाऊण ते एक तास पुढे सरकतं. दोन भरत्यांमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटं जातात. कोळीवाड्यात तक्ता न बघता भरतीची वेळ सांगतात ती तिथीवरून: तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, जे येईल तो भरतीचा तास. सप्तमी असेल तर सात त्रिक एकवीस, भागिले चार, सव्वापाच. म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास भरती, आणि साडेअकराच्या आसपास पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आगेमागे. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण शनिवारी रात्री घरी बसून उद्याचा बेत करायला हा हिशोब पुरतो. छापील तक्त्यातली मुंबईची वेळ अपोलो बंदरची असते. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा येते, हे वेळ ठरवताना धरावं लागतं.

वेळेइतकीच उंचीही महत्त्वाची. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरती आणि सुकतीत सुमारे दीड मीटरचा फरक असतो. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, हाच फरक चार मीटरच्या घरात जातो. हे पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांच्या भरतीचे बारा हिस्से केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि शेवटी एक. चार मीटरच्या उधाणाला पहिल्या तासात पाणी जेमतेम फूटभर चढतं आणि माणसं म्हणतात, अजून खूप वेळ आहे. तिसऱ्या तासात तेच पाणी मीटरभर चढतं. घात होतो तो इथे, आणि तोही समोरून येणाऱ्या पाण्याने होत नाही. खाडीचे लहान ओहळ आधी भरतात, आणि ते तुमच्या पाठीमागे असतात. जाताना घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला ओहळ परतताना छातीइतका झालेला असतो. समोरचा चिखल मात्र अजून कोरडाच दिसत असतो. म्हणून नियम एकच: ओहळ ओलांडून जाणाऱ्या वाटेवर सुकतीच्या आधी दोन तास शिरा आणि पाणी वळल्यावर तासाभरात ओहळाच्या अलीकडे या.

आणखी एक खोड माहीत हवी. पावसाळ्यात दिवसाची भरती मोठी असते, थंडीत रात्रीची. त्यामुळे डिसेंबरमधल्या सकाळी बांधावर दिसणारी ओली रेघ रात्रीच्या भरतीची असते आणि दुपारचं पाणी तिथवर पोचत नाही. ही रेघ बघून कोणी घाबरतो. उलट, हिवाळ्यातल्या दिवसाच्या भरत्या बघून आखलेली वाट जूनमध्ये पाण्याखाली जाते, आणि ती चूक निस्तरायला जास्त पैसे लागतात.

म्हणून वाटेच्या प्रत्येक तोंडाशी एक पाटी हवी. छापील, कायमची नको. रोज खडूने लिहायची. तिच्यावर चार ओळी पुरेत: आजची भरती किती वाजता, किती मीटर, सुकती किती वाजता, आणि "या वेळेनंतर आत जाऊ नये". शेवटची ओळ सर्वांत मोठ्या अक्षरात. लिहिणारा माणूस जवळच्या गावचा आणि पगारी असावा. क्यूआर कोड लावायचा तर लावा, पण ऐन उन्हात फोनच्या पडद्यावर काही दिसत नाही आणि खाजणात सगळीकडे रेंज येईलच असं नाही. शिवाय प्रत्येक ओहळाच्या उतारावर एक खांब रोवा, त्यावर अर्ध्या-अर्ध्या मीटरचे पट्टे रंगवा, गुडघ्याच्या वरचा पट्टा लाल. लाल पट्ट्याला पाणी लागलं की उतार बंद, हे लहान मुलालाही कळतं.

खांब रोवताना पातळीचा घोळ होऊ देऊ नका. भरतीच्या तक्त्यातला शून्य आणि जमिनीच्या मोजणीतला शून्य एक नसतात. तक्त्याचा शून्य अगदी खालच्या सुकतीजवळ, मोजणीचा शून्य समुद्राच्या सरासरी पातळीवर. मुंबईत या दोहोंत सुमारे अडीच मीटरचा फरक आहे. कंत्राटदाराने तक्त्यातली ४.८ मीटर ही उंची थेट जमिनीच्या नकाशावर लावली तर मार्ग गरजेपेक्षा अडीच मीटर उंच होतो, आणि उलट घोळ झाला तर पहिल्याच उधाणात बुडतो. निविदेच्या पहिल्या पानावर कुठला शून्य धरला आहे ते लिहून घ्या.

आता बांधांकडे येऊ. खाजणाचा बांध म्हणजे खाडीच्याच चिखलाची थरावर थर रचून, तुडवून, सुकवून केलेली भिंत. तिचं आयुष्य तीन गोष्टींवर असतं. बाहेरच्या अंगाला कांदळवनाची झालर असेल तर लाटेचा मार आधीच मोडतो. झालर तोडली की पहिल्या पावसाळ्यात बांधाचा पायथा खायला लागतो. दुसरी गोष्ट चिंबोऱ्यांची बिळं. बांधातून पाणी झिरपतंय असं दिसलं तर ते स्वच्छ आहे की गढूळ ते बघायचं. स्वच्छ पाणी झिरपणं फारसं घातक नाही. गढूळ असेल तर पाणी जाताना आतली माती घेऊन जातंय, बांध आतून पोकळ होतोय, आणि पुढच्या उधाणाला तिथे खांड पडणार. अशा ठिकाणी वरून मातीची गोणी टाकून भागत नाही. बीळ तळापर्यंत उकरायचं आणि मऊ मळलेला चिखल थराथराने भरून तुडवायचा. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, भांगाच्या दिवसांत करायचं. मेमध्ये घाईने केलेला बांध सुकायच्या आत पाऊस येतो.

तिसरी गोष्ट उघाडी. बांधातल्या मोरीच्या खाडीकडच्या तोंडाला झडप असते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती मिटते, सुकतीला आतल्या पाण्याने ढकलून उघडते. ना वीज, ना यंत्र. बिघडते ती क्षुल्लक कारणाने: थर्माकोलचा तुकडा, नारळ, प्लास्टिकच्या पिशव्यांचा गुंता झडपेच्या फटीत अडकतो आणि ती दोन बोटं उघडी राहते. तेवढ्या फटीतून एका भरतीत खारं पाणी आत येतं आणि आतलं शेत किंवा गोडं तळं नासतं. खाडीपुलावरून जाणाऱ्या लोकलमधून निर्माल्याच्या पिशव्या फेकतात त्यांचा एक मुक्काम हा. चालणाऱ्यांपैकी फोटोसाठी कोणी झडपेच्या चौकटीवर चढलं की गंजलेली बिजागरी तुटते. उघाडीभोवती साधं कुंपण आणि दर सुकतीला फट साफ करणारा एक माणूस, एवढा खर्च अख्ख्या वाटेचं रक्षण करतो.

आता सांगा, अशा बांधावर पेव्हर ब्लॉक बसवले तर काय होईल? बांध दरवर्षी थोडा खचतो आणि दरवर्षी वर चिखल चढवावा लागतो. ब्लॉक घातले की चिखल चढवता येत नाही आणि खालची बिळं दिसत नाहीत. ब्लॉकखालची कच बिळांतून वाहून जाते, ब्लॉक वरून सपाट दिसतात आणि खाली पोकळी असते. शिवाय ब्लॉक बसवायला रुंदी लागते म्हणून बांध पसरवतात, आणि माती आणतात शेजारच्या कांदळवनातून. चालायला चार फूट रुंदीचा, मध्ये किंचित उंच, तुडवून घट्ट केलेला मातीचा माथा उत्तम. घसरट जागी चिरा किंवा दगड आडवे बसवा. तेवढं पुरे.

जिथे बांध नाही आणि मऊ चिखल ओलांडायचाच आहे, तिथे आणि तिथेच लाकडी किंवा तत्सम मचाणवाट करावी. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवनातली अशी वाट बघायला मिळते. वसईसाठी काही मोजमापं सुचवतो. रुंदी १.२ मीटर आणि ठरावीक अंतरावर व्हीलचेअर वळेल इतकी, १.८ मीटरची ऐसपैस जागा. फळ्यांची खालची बाजू तक्त्यातल्या ५ मीटरच्या पातळीपेक्षा किमान अर्धा मीटर वर. चिखलापासूनची उंची रुंदीपेक्षा कमी नको, नाहीतर खाली ऊन पोचत नाही आणि रोपं मरतात. दोन फळ्यांत बोटभर फट ठेवा. ऊनही जातं, पाणीही निथळतं, आणि चाक अडकत नाही. खिळे वापरू नका. लाकूड फुगतं-आकसतं तसे खिळे वर येतात आणि पायात घुसतात. स्क्रू आणि बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे. साधं जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड खाऱ्या हवेत लवकर गंजतं. भरती-सुकतीच्या मधल्या पट्ट्यात लाकूड पोखरणारे किडे असतात, तेव्हा खांबांना तेवढ्या भागात आवरण द्यावं. काँक्रीटचे खांब घ्यायचे तर सळईवर किमान ७५ मिलिमीटरचं आवरण मिळतंय का ते साच्यात ओतण्याआधी मोजून घ्यावं, नंतर मोजता येत नाही. आणि दिवे नकोत. वाट सूर्योदय ते सूर्यास्त. कांदळवनात कोल्हे आहेत, रातबगळे आहेत, रात्र त्यांची.

वाट रुंद आणि कडक झाली की पहिला पाहुणा डेब्रिजचा टेम्पो असतो. म्हणून तोंडाशी अडसर हवा. सरळ खांब रोवून ९० सेंटिमीटरची फट ठेवली तर व्हीलचेअर जाते आणि टेम्पो अडतो, पण मोटारसायकलही आरामात जाते. त्यावर उपाय म्हणजे एकाआड एक, नागमोडी लावलेले दोन आडवे कठडे. मोटारसायकल त्यात वळत नाही. व्हीलचेअरला मात्र वळायला जागा ठेवावी लागते, तेव्हा नुसत्या नकाशावर न ठरवता प्रत्यक्ष खुर्ची फिरवून बघा.

चिखलात चालण्याबद्दल थोडं, कारण सूचनाफलक याच गोष्टीत सर्वांत कच्चे असतात. तिवराच्या श्वसनमुळांमधला चिखल मुळांनी धरून ठेवलेला असतो, म्हणून तो पायाला घट्ट लागतो आणि नवखा माणूस नेमका तिथूनच जातो. पेन्सिलीसारखी वर आलेली ही मुळं झाडाची नाकं आहेत; दहाजण तुडवून गेले की झाड गुदमरतं. ओहळाच्या कडेचा गुळगुळीत, चकाकणारा, एकही बीळ नसलेला चिखल मात्र मांडीपर्यंत ओढतो. म्हणजे घट्ट जागी जायचं नाही आणि मऊ जागी जाववत नाही, म्हणून बांध सोडायचा नाही. तरी कोणी रुतलाच तर सरळ वर ओढू नये. पायाखाली पोकळी होऊन चिखल जास्त आवळतो, आणि दुसरा पाय आणखी खोल जातो. मागे रेलून बसायचं, वजन पसरायचं, घोटा हळूहळू हलवत बाजूने पाणी आत जाऊ द्यायचं, पकड सुटली की पाय आडवा काढायचा. बूट गेला तर जाऊ द्या. गमबूट इथे निरुपयोगी. आत पाणी भरलं की पायाला वजन बांधल्यागत होतं. सँडल पहिल्या शंभर पावलांत चिखलात राहते. घोट्यावर घट्ट बांधलेले जुने कॅनव्हासचे बूट आणि मोजे सर्वांत बरे. अनवाणी तर मुळीच नको, कारण खडकांवर आणि जुन्या खांबांवर कालवांच्या शिंपल्या असतात आणि त्यांची धार ब्लेडसारखी कापते. पावसाळ्यात अशी जखम म्हणजे लेप्टोस्पायरोसिसला आमंत्रण. जून ते सप्टेंबर खालच्या वाटा बंदच ठेवाव्यात. फांद्या तोडून काठी करण्याची सवयही थांबवायला हवी, कारण गेवा या कांदळवनातल्या झाडाचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासं होतं.

मिठागरांत वेगळी शिस्त लागते. डिसेंबर ते मे हा मिठाचा हंगाम, म्हणजे नेमका चालणाऱ्यांचाही. वाफ्यांमधले आतले बांध वीतभर-दोन वीत रुंदीचे, दरवर्षी नव्याने घातलेले असतात. ते एका माणसाच्या वजनाने फुटतात आणि एका वाफ्याचं पाणी दुसऱ्यात जाऊन दिवसांची मेहनत जाते. वाफ्याचा तळ पायांनी तुडवून गुळगुळीत केलेला असतो, त्यावर बुटाचा ठसा उमटला की मिठात चिखल येतो. म्हणून फक्त बाहेरचा मोठा बांध चालणाऱ्यांसाठी, आतले बांध कामगारांसाठी. प्री-वेडिंगवाल्यांनाही हेच लागू, जरी त्यांना मिठाच्या पांढऱ्या राशींवरच उभं राहायचं असलं तरी. प्रवेशशुल्क घ्यायचं ठरलं तर त्यातला ठरलेला वाटा मिठागरात काम करणाऱ्यांना आणि बांध राखणाऱ्यांना थेट मिळावा.

पक्ष्यांचं गणितही भरतीशीच बांधलेलं आहे. सुकतीला शेकाटे, चिखले, तुतारी खाडीच्या उघड्या चिखलावर दूरदूर पांगून खात असतात. भरतीच्या आधीच्या दोन तासांत चिखल बुडतो आणि ते सगळे मिठागरांत येऊन दाटीने उभे राहतात. बघायला ही सर्वांत सुंदर वेळ, आणि पक्ष्यांना सर्वांत नाजूक, कारण त्या वेळी त्यांना जायला दुसरी जागा नसते. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला पुन्हा पुन्हा उडवणं म्हणजे त्याची साठवलेली चरबी जाळणं. ओळखायची खूण सोपी आहे: खाणं थांबवून माना वर झाल्या की थांबा, सगळे एकाच दिशेला चालू लागले की तुम्ही आधीच फार जवळ आला आहात. बांधावर दोन-तीन ठिकाणी चटईचे आडोसे उभारून त्यांत डोळ्याच्या उंचीला फटी ठेवल्या तर माणसं तिथेच थांबतात. ड्रोनला बंदी हवी, त्यात तडजोड नको.

आणि कृपा करून मोकळ्या चिखलावर कांदळवनाची रोपं लावू नका. दरवर्षी कोणीतरी उत्साहाने लावतं, फोटो निघतात. तो चिखल पडीक नाही. पक्षी तिथेच जेवतात, निवट्या (चिखलात राहणारे मासे) तिथेच राहतात. शिवाय भरतीखाली फार वेळ राहणाऱ्या जागी रोप जगतही नाही. कांदळवन स्वतःचं बी स्वतः पेरतं, त्याला फक्त पाण्याची ये-जा मोकळी लागते. सफाई मोहिमांचंही तेच. दोनशे स्वयंसेवक एकदम चिखलात उतरले की प्लास्टिकबरोबर रोपंही जातात. वीस माणसं, सुकतीला, बांधावर रांगेत उभी राहून हातोहात गोण्या देणारी. मुळांत अडकलेलं जाळं ओढायचं नाही, कात्रीने कापून सोडवायचं.

जलमार्गाबद्दल थोडक्यात. नायगावहून पाणजू बेटावर होडीने जातात, आणि वसई-भाईंदर रो-रो फेरी फेब्रुवारी २०२४पासून चालू आहे. तेव्हा खाडी ओलांडून पलीकडून परतणारी एकदिशा वाट सहज बसते. जेटीच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे दोरी आणि खडबडीत पट्टे हवेत. चालणाऱ्यांच्या होडीत माणशी एक लाइफ जॅकेट, अंगात घातलेलं. बाकाखाली रचून ठेवलेलं नव्हे. दुपारनंतरचा पश्चिमेचा वारा आणि बाहेर जाणारी सुकती समोरासमोर आली की खाडीच्या तोंडाशी लाटा आखूड आणि उभ्या होतात, त्या वेळी लहान होडी आतच ठेवावी. डोलीच्या (खाडीत रोवलेल्या मासेमारीच्या जाळ्याच्या) खुंटांपासून लांब राहावं. हे सगळं इथले तांडेल, म्हणजे होड्यांचे नाखवे, आम्हांला शिकवतील, त्यांना शिकवायला जायची गरज नाही.

वाटाडे याच गावांतले घ्या. एका तुकडीत पंधरापेक्षा जास्त माणसं नकोत. एक वाटाड्या पुढे, एक सर्वांत मागे, आणि मागच्याकडे पंधरा मीटर दोर, चार फुटी फळी, शिट्टी, प्रथमोपचाराची पेटी. माणशी दोन लिटर पाणी, कारण मिठागरात सावली नाही आणि पांढऱ्या मिठावरून ऊन खालूनही भाजतं. वाटेवर दर २०० मीटरला क्रमांकाचा खांब रोवा. अडकलेला माणूस ११२ वर फोन लावून "मी मिठागरात आहे" एवढंच सांगतो, आणि मिठागर तर डोळे पोचतील तिथवर असतं. "खांब क्रमांक चौदा" म्हटलं की शोधायला वेळ जात नाही. खांबांची यादी आणि नकाशा पोलीस ठाण्यात, अग्निशमन दलाकडे आणि तिन्ही कोळीवाड्यांत असावा. कोणी भराव टाकताना किंवा झाड तोडताना दिसलं तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक त्याच खांबावर लिहा.

आमची विनंती अशी की दिवाळीनंतर सर्व खात्यांनी मिळून दोनदा पाहणी करावी. पहिली कार्तिक शुद्ध अष्टमीला: भांग असतो, दुपारी बाराच्या सुमारास सुकती, बांध पायथ्यापर्यंत दिसतो, बिळं आणि झिरपणं तपासता येतं. दुसरी आठवड्याने, पौर्णिमेला. त्या दिवशी भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे कार्यालयाच्या वेळेतच येते, आणि पाणी कुठवर पोचतं ते नकाशाऐवजी डोळ्यांनी दिसतं. बांधावरची ओली रेघ त्याहून वर असेल, ती आदल्या रात्रीची. दोन्ही वेळा उघाडी सांभाळणारा माणूस सोबत घ्या आणि त्याला पुढे चालू द्या. पाहणीच्या टिपणात प्रत्येक खचलेल्या जागेपुढे दोनच रकाने असावेत: दुरुस्ती कोणत्या खात्याने करायची, आणि कोणत्या तारखेपर्यंत. जानेवारीअखेर चिखल चढला तर तो मेपर्यंत सुकेल.

आपले,
मुंबई आणि वसईच्या खाडीकाठांवर वाटाडेपण करणारे, पक्षी मोजणारे आणि बांधांची कामं जाणणारे आम्ही काहीजण
मुंबई